पुण्याहून रेल्वेने नगर : एका दिवसात बस्ता बांधून परत येणं जमेल का?

वनाजची_सून
मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. धाकट्या दिरांचं लग्न ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख आहे. आहेराच्या आणि मानाच्या साड्या घ्यायच्यात. मी लक्ष्मी रोड आणि रविवार पेठ सुचवून पाहिली, पण सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला : "आमच्याकडचा बस्ता नगरलाच बांधतात." त्यांचं माहेर विसापूरजवळचं. लहानपणी घरात लग्न निघालं की सगळी बायकामंडळी पॅसेंजरने नगरला जाऊन कापड बाजारात दिवसभर बसायची, हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय.

आता अटी. १) गाडी काढायची नाही. नगर रोडवर वाघोली-शिक्रापूरला अडकायची त्यांची तयारी नाही, आणि खरं सांगायचं तर नवऱ्याचीही नाही. २) रेल्वेनेच जायचं. ३) मुक्काम नाही, त्याच रात्री घरी. ४) सासूबाईंना गुडघ्याचा त्रास, सोबत आत्येसासूबाई आणि माझा चौथीतला मुलगा. मुलाला किल्ला बघायचाय.

हे एका दिवसात बसतं का? की येवल्याला जावं? तिकडे पैठण्याही मिळतील. माझं रेल्वेचं ज्ञान मुंबईच्या डेक्कन क्वीनपुरतं आहे.

दौंड_कॉर्ड
बसतं. पण वारावर अवलंबून आहे.

आधी हे लक्षात घ्या की रेल्वेने नगर रस्त्यासारखं सरळ रेषेत नाही. रस्त्याने १२० किलोमीटर, तर रेल्वेने आधी पूर्वेला दौंड गाठायचं आणि तिथून उत्तरेला वळायचं. म्हणजे दीडशेच्या वर जातं. पूर्वी दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे, त्यात अर्धा तास सहज जायचा. आता कॉर्ड लाइनमुळे गाडी दौंड जंक्शनात न शिरता बाहेरच्या बाहेर मनमाडच्या मार्गाला लागते.

तुमच्या कामाची गाडी एकच, पुणे–अजनी (नागपूर) वंदे भारत. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. पुण्याहून सकाळी ६:२५, नगर साडेआठच्या सुमारास. परतीची अजनीहून येणारी नगरला संध्याकाळी साडेसातच्या आसपास, पुण्यात दहाच्या आत. अकरा तास हातात मिळतात.

मेख अशी की पुण्याहून ती मंगळवारी सुटत नाही आणि अजनीहून सोमवारी सुटत नाही. म्हणजे सोमवारी गेलात तर जाल, पण परत यायला ती नसेल. मंगळवारी परतीची मिळेल, पण जाणार कशाने? हे दोन वार खोडून टाका. वेळा बदलतात, तिकीट काढताना पुन्हा बघा.

खडकीवाला
वंदे भारत कशाला? एवढ्या एक्सप्रेस आहेत की त्या लाइनला. झेलम, आझाद हिंद, गोवा, महाराष्ट्र.

दौंड_कॉर्ड
@खडकीवाला झेलम आणि आझाद हिंद पुण्याहून संध्याकाळी सुटतात. महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यात रात्रीची. गोवा एक्सप्रेस पहाटेची, ती चालेल, पण गुडघे दुखणाऱ्या बाईंना पहाटे चारच्या अंधारात फलाटावर उभं करायचं का? लांब पल्ल्याच्या गाड्या नगरला पोचवायला नाहीत, वाटेत नगर लागतं म्हणून थांबतात. उशीर झाला की तुमचा दिवस गेला.

निवृत्त_गार्ड
या मार्गावर माझी नोकरी झाली आहे, म्हणून दोन शब्द. दौंड–मनमाड लाइन १८७८ सालची. त्याआधी पुण्यापर्यंत रेल्वे १८५८ मध्येच आली होती. नगरला ती वीस वर्षं उशिरा आली, पण आल्यावर पेठेची उलाढाल पालटली. तोपर्यंत सगळा माल बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांनी यायचा.

दौंड सोडलं की भीमेचा पूल लागतो. मुलाला खिडकी द्या. मग काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर, सारोळा, अकोळनेर अशी स्टेशनं. तुमची गाडी यातल्या कुठेच थांबणार नाही, त्यामुळे विसापूर कधी गेलं ते सासूबाईंना आधी सांगून ठेवावं लागेल. काष्टीचा जनावरांचा बाजार मोठा. जुन्या पॅसेंजरमध्ये बाजाराच्या दिवशी डब्यात पाय ठेवायला जागा नसायची.

आणखी एक. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत काँग्रेसचे पुढारी पकडले, त्यांना खास गाडीने आणलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेलं आणि कार्यकारिणीच्या मंडळींना पुढे नगरच्या किल्ल्यात. तुम्ही ज्या रुळांवरून जाणार त्याच रुळांवरून. चौथीतल्या मुलाला एवढं सांगितलं तर किल्ल्याचं निम्मं काम होतं.

सुई_दोरा
गार्डकाका, मस्त! ताई, स्टेशनला पोचायचं कसं ते आत्ताच ठरवा. तुम्ही वनाजला म्हणजे मेट्रो दारात, पण पहिली मेट्रो सकाळी सहाची. सहाला वनाजहून निघून ६:२५ ची गाडी पकडायची हे फक्त कागदावर जमतं. मेट्रोतून उतरून जिने, पूल, फलाट, त्यात गुडघे. रिक्षा आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. येताना मात्र मेट्रो उत्तम, रात्री अकरापर्यंत असते.

येवलेकर
येवल्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. येवला याच दौंड–मनमाड लाइनवर आहे, नगरच्या पुढे, कोपरगावनंतर. पण वंदे भारत येवल्याला थांबत नाही. कोपरगावला उतरून रस्त्याने यावं लागेल, आणि परतीला पुन्हा तेच. एका दिवसात, दोन ज्येष्ठ बायकांना घेऊन, मी तरी सुचवणार नाही.

शिवाय पैठणी घाईत घ्यायची वस्तू नाही. हातमागावर विणलेली, सेमी आणि यंत्रमागावरची यांतला फरक कळायला दुकानात बसून पदर उलटून बघावा लागतो. उलट्या बाजूलाही नक्षी सुलट्यासारखीच स्वच्छ दिसली तर हातमागाची. मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले तर नाही. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी बाजारात सगळं पैठणी नावानेच विकलं जातं. नवरीसाठी एकच घ्यायची असेल तर मागाहून दोघं-तिघं खास या. गल्लोगल्ली माग दिसतील. तात्या टोपे आमच्या येवल्याचे आणि बाबासाहेबांनी १९३५ मध्ये धर्मांतराची घोषणा केली तीही इथेच. या गोष्टींसाठी निवांत दिवस काढा.

आहेराच्या साड्यांना नगरच बरं, हे येवलेकर असून सांगतोय.

नगरी_नजर
आता नगरकराने बोलावं लागतंय राव!

ताई, सासूबाई शंभर टक्के बरोबर बोलल्या. श्रीगोंदा, पारनेर, जामखेड, आष्टी, नेवासा, इकडं पाथर्डी-शेवगाव, चहूबाजूंच्या माणसांचा बस्ता नगरलाच. आता सप्टेंबर २०२५ पासून बीडपर्यंत रेल्वे झालीय, तिकडची माणसं आणखी वाढणार.

तुम्ही साडेआठला उतरणार. कापड बाजार दहा-साडेदहाशिवाय जागा होत नाही. म्हणून सकाळचे दोन तास आधी भरून टाका. स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात, पेठ तिथून तीन-चार किलोमीटर. पण रिक्षा आत कापड बाजारात नेऊ नका, गर्दीत बसून राहाल. माळीवाड्यापाशी किंवा माणिक चौकाच्या अलीकडं उतरायचं आणि चालायचं.

बाजार कसा लागतो ते सांगतो. मधोमध कापड बाजार, त्याला चिकटून मोची गल्ली, घास गल्ली, पुढं सराफ बाजार, गंज बाजार. धान्य-डाळींचं बघायचं तर डाळ मंडई आणि आडते बाजार. चितळे रोडवर भाजी. गल्लीगल्लीत धंदा वाटून घेतलेला आहे. पेठेतलं सगळं चालत, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. तुमचं लक्ष्मी रोडवर एका दुकानातून दुसऱ्यात जायला सिग्नल ओलांडावा लागतो, तसं नाही.

सदाशिवपेठी
लक्ष्मी रोडवरचा सिग्नल ओलांडायची गरज फक्त बाहेरगावच्यांना पडते. आम्हाला कोणतं दुकान कुठे ते माहीत असतं.

बाकी मला एक कळत नाही. साड्या सुरतेहून पुण्यातही येतात आणि नगरलाही. रेल्वेचं भाडं घालून तिकडे जाण्यात अर्थशास्त्र काय?

नगरी_नजर
@सदाशिवपेठी काका, अर्थशास्त्र असं की दुकानाचं भाडं तुमच्याकडं जेवढं, तेवढ्यात आमच्याकडं माणूस घर चालवतो. पंधरा-वीस साड्या एकदम घेतल्या की फरक दिसतो. दोन साड्यांना नाही दिसत, ते कबूल.

सुई_दोरा
मी शिवणकाम करते, नगरच्या बाजारातून ब्लाउजपीस आणि अस्तर घाऊक आणते, त्यामुळे बस्त्याबद्दल थोडं लिहिते. हे तिकडे गेल्यावर सुचत नाही.

घरूनच दोन याद्या करा. आहेराच्या वेगळ्या, मानाच्या वेगळ्या. आहेराच्या साड्यांना एकच भाव ठरवा आणि दुकानात शिरताच तो सांगून टाका : "अमुकच्या आतल्या, इतक्या नग." मग तो माणूस त्याच भावाचे गठ्ठे काढतो. आधी भारीतली साडी बघितली की डोळ्यांना सवय होते आणि नंतर आहेराची एकही पसंत पडत नाही. मानाच्या साड्या म्हणूनच शेवटी बघायच्या, जेवणानंतर.

एका दुकानात सगळा बस्ता बांधला तर भावात सूट मागता येते. चार दुकानांत वाटून घेतला तर कुठेच तुम्ही मोठं गिऱ्हाईक नसता. पहिल्या दोन-तीन दुकानांत फक्त बघा, भाव विचारा, मग एक ठरवा.

प्रत्येक साडी पूर्ण उलगडून, दारापाशी उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, राणी आणि मजेंटा यांत फरकच कळत नाही. घडीच्या टोकाला डाग किंवा धागा ओढलेला असतो. पुण्यातलं दुकान असतं तर दुसऱ्या दिवशी बदलून आणता येतं, इथून बदलायला कोण जाणार? पक्कं बिल घ्या, बदलायची मुदत बिलावर लिहून घ्या. फॉल-पिकोच्या भानगडीत तिथे पडू नका, वेळ नाही. ते पुण्यात करा.

आणि सासूबाईंसाठी : जुन्या दुकानांत अजून गादीवरच बसवतात. पांढरी चादर, लोड, समोर साड्यांचा ढीग. बघायला छान, पण गुडघे दुखणाऱ्याला उठताना रडू येतं. आत जातानाच खुर्ची मागायची. देतात, आणि सगळ्यांच्या आधी चहाही देतात.

वनाजची_सून
@सुई_दोरा ताई, हे सगळं मी लिहूनच घेतलं. गादीचं तर डोक्यातच नव्हतं.

एक बायकी प्रश्न. दिवसभर बाजारात, स्वच्छतागृहाचं काय?

सुई_दोरा
बरं विचारलंत, हे कुणी लिहीत नाही. उतरल्यावर स्टेशनच्या प्रतीक्षालयात जाऊनच बाहेर पडा. बाजारातल्या मोठ्या, दोन-तीन मजली कापड दुकानांत असतं, गिऱ्हाईक म्हणून बसला असाल तर संकोच न करता विचारा. जेवायला जागा निवडताना चवीच्या आधी हे बघा. गल्लीत काही मिळेल या भरवशावर राहू नका.

किल्लेदार_हडपसर
सकाळच्या दोन तासांचं मी सांगतो. भुईकोट किल्ला! मुलाला बघायचाच आहे म्हणता.

नगर शहर वसवलं मलिक अहमद निजामशहाने. २८ मे १४९० ला भिंगारजवळ त्याने बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्याच जागी, सीना नदीच्या काठी शहर उभं केलं. आजही २८ मे हा शहराचा स्थापना दिन मानतात. किल्ला आधी मातीचा होता, हुसेन निजामशहाच्या काळात दगडी झाला. भोवती रुंद खंदक. १५९५-९६ मध्ये मुघलांनी वेढा घातला तेव्हा चांदबिबीने तो लढवला, भिंतीला पडलेलं खिंडार रातोरात बुजवून घेतलं ही गोष्ट मुलांना फार आवडते.

१९४२ च्या पुढाऱ्यांना जिथे ठेवलं त्या खोल्या आत आहेत. नेहरू तिथे १९४५ च्या मार्चपर्यंत होते, 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहिलं. पटेल, मौलाना आझाद, कृपलानी, शंकरराव देव, सगळे तिथेच.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे प्रत्येकाचं ओळखपत्र बरोबर हवंच. तिथून रणगाडा संग्रहालय. मग दुपारी चांदबिबी महाल, वर डोंगरावरून सूर्यास्त…

नगरी_नजर
थांबा थांबा. दुपारी चांदबिबी महाल? मग बस्ता कोण बांधणार, चांदबिबी?

आणि तो महाल चांदबिबीचा नाहीच. सलाबतखानाची कबर आहे ती, निजामशाहीतला वजीर. तीन मजली, अष्टकोनी, शहा डोंगरावर, शहरापासून तेरा-चौदा किलोमीटर. सुंदर आहे, मोकळ्या दिवशी जरूर जा. पण कापड बाजार करून तिथं जाणं म्हणजे बाजारही नाही आणि डोंगरही नाही.

माझं स्पष्ट मत आहे, बाजाराच्या दिवशी एकच ठिकाण जोडायचं, तेही सकाळी. पुण्याची माणसं येतात, यादी काढून पळत सुटतात, किल्ला, रणगाडे, मेहेराबाद, दमडी मशीद, विशाल गणपती, आणि संध्याकाळी स्टेशनावर पायाला तेल चोळत बसतात. पेठ तशीच राहते. नगरचं खरं बघण्यासारखं काही असेल तर ती पेठच.

किल्लेदार_हडपसर
@नगरी_नजर पेठेत बघण्यासारखं काय? दुकानंच ना? ऐतिहासिक म्हणाल तर एक वेस दिसते.

निवृत्त_गार्ड
पेठेलाही इतिहास आहे, किल्लेदारसाहेब. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याने नगर घेतलं, ते आधी पेठ घेऊन. ८ ऑगस्टला शिड्या लावून पेठेच्या तटावर चढाई केली, किल्ला १२ तारखेला पडला. त्याच्या छावणीत गोखले नावाचे मराठे सरदार होते. त्यांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. हे इंग्रज विचित्र लोक, सकाळी आले, पेठेची भिंत बघितली, तिच्यावरून चढून गेले, आतली शिबंदी मारली आणि न्याहारीला परतले, अशा अर्थाचं. ज्या भिंतीवरून ते चढले तिच्या आतला भाग म्हणजे तुमचा आजचा बाजार. आता तट कुठे दिसत नाही, पण वेशींची नावं तोंडात आहेत : माळीवाडा, दिल्लीगेट, झेंडीगेट, मंगलगेट, सर्जेपुरा. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना माणूस अजून वेशीच सांगतो.

सदाशिवपेठी
गोखल्यांनी न्याहारीचा उल्लेख बरोबर केला. त्यावरून विचारतो, सकाळी साडेआठला खायला काय?

नगरी_नजर
माळीवाड्याकडं मिसळ, पोहे, भजी. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, आम्ही विचारत नाही. दुपारी बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा मिळणाऱ्या खानावळी आहेत. सासूबाईंना शेंगोळ्यांची आठवण असणार, हुलग्याचे. कुठं ताटात दिसले तर सोडू नका, पण हॉटेलात रोज मिळतील असं सांगत नाही. डिसेंबरनंतर आलात तर ज्वारीचा हुरडा. लग्नसराईत जमणार नाही, त्या वेळी फक्त साड्याच दिसतात.

तेलीखुंट
नगरचीच मी, आता पिंपळे सौदागरला. दोन गोष्टी जोडते.

नगरला कापडाचा धंदा नुसता खरेदी-विक्रीचा नव्हता, विणणारे इथेच होते. पद्मशाली समाजाची घरं, घराघरांत हातमाग, लुगडी विणायचे. माझ्या आजीच्या लहानपणी तोफखाना, दाळमंडईच्या बाजूला गल्लीत शिरलं की मागांचा खटखटाट ऐकू यायचा, असं ती सांगते. आता माग जवळपास गेले. तेलुगू बोलणारी घरं मात्र आहेत, आणि बऱ्याच कापड दुकानांत गठ्ठे काढून देणाऱ्या माणसाला सूत बोटांनी ओळखता येतं ते त्यामुळेच. अशा माणसासमोर साडीची गोष्ट काढा. मालक गल्ल्यावर असतो, त्याच्यापेक्षा हा जास्त सांगतो.

दुसरं, भांडी. रुखवताला किंवा मुलीकडच्यांना द्यायला तांब्या-पितळेचं काही हवं असेल तर कापड बाजारातून बाहेर पडल्यावर भांड्यांची दुकानं लागतात. वजनावर भाव लावतात, घडणावळ वेगळी सांगतात. दोन्ही आकडे वेगवेगळे विचारायचे. पण घागर वगैरे रेल्वेने आणायचा मोह आवरा. वंदे भारतमध्ये वरच्या फळीवर साड्यांचे गठ्ठे बसतील, घागर नाही.

खडकीवाला
एवढं सगळं वाचून मी म्हणतो एसटीने जा. वाकडेवाडीहून सारख्या गाड्या आहेत. पाहिजे तेव्हा निघा, पाहिजे तेव्हा परत. रेल्वे चुकली तर काय करणार?

दौंड_कॉर्ड
@खडकीवाला त्यांनी "रेल्वेनेच" असं लिहिलंय हो, अट क्रमांक दोन. पण मुद्दा बरोबर आहे, पर्याय माहीत हवा. परतीची गाडी फार उशिरा आहे असं दिसलं तर एसटी. स्वस्तिक चौकातला पुणे स्टँड स्टेशन रोडवरच आहे, स्टेशनहून लांब नाही. म्हणून संध्याकाळी सातला बाजारातून निघण्यापेक्षा सव्वासहाला निघा. गाडी वेळेवर असेल तर स्टेशनात चहा, नसेल तर स्टँड. गाडी कुठे आहे ते मोबाईलवर मनमाड सोडल्यापासून बघत राहा. नगरच्या अलीकडे कोपरगाव सोडलं की मग अंदाज पक्का होतो.

तिकिटाचं : दोन्ही बाजूंचं आरक्षण एकदम करा. या गाडीला साधा डबा नाही, आयत्या वेळी खिडकीवर साधं तिकीट काढून बसता येणार नाही. आरक्षण साठ दिवस आधी खुलतं. लग्नसराईच्या शनिवार-रविवारी चेअर कार भरते. शोधताना नगरचं नवं नाव 'अहिल्यानगर' टाका. ज्येष्ठांना खालची सीट वगैरे भानगड नाही, सगळंच बसायचं. फक्त चार जागा एकत्र हव्या असतील तर लवकर काढा.

वनाजची_सून
सगळ्यांचे आभार. आज रात्री घरात वाचून दाखवलं. गोखल्यांच्या पत्रावर सासरे दहा मिनिटं हसत होते.

आता ठरलंय ते असं. गुरुवार, सुट्टीचा दिवस नको. ६:२५ ची वंदे भारत, रिक्षा सांगून ठेवली. उतरल्यावर मिसळ. मग मी आणि मुलगा किल्ला बघून येतो, तोवर दोघी आत्येसासूबाईंच्या ओळखीच्यांकडे बसतील, माळीवाड्यात घर आहे. साडेदहाला सगळे कापड बाजारात. दुपारपर्यंत आहेराच्या, जेवण, मग मानाच्या. वेळ उरला तर सराफ बाजारातून नुसतं चालायचं, आत जायचं नाही (हे मी ठरवलंय, त्यांनी नाही). सव्वासहाला निघायचं.

सासूबाईंनी एकच दुरुस्ती केली. म्हणाल्या, दुकान आधी ठरलेलंच आहे, त्यांच्या वडिलांनी जिथून बस्ता बांधला तेच. नाव आठवत नाही, पण गल्ली आठवते, आणि दारात तीन पायऱ्या होत्या.

नगरी_नजर
गल्ली कोणती म्हणाल्या?

वनाजची_सून
"घास गल्लीतून आत गेलं की डाव्या हाताला."

तेलीखुंट
तिथं निम्मी दुकानं बदलली. काही दोन भावांत वाटली गेली, पाट्या नव्या आहेत. पण पायऱ्या बऱ्याच ठिकाणी जुन्याच आहेत. कोपऱ्यावरच्या कुणाही म्हाताऱ्या दुकानदाराला साल आणि सासूबाईंच्या वडिलांचं गाव सांगा. विसापूरकडची गिऱ्हाइकं कोणत्या दुकानात जायची ते त्या लोकांना पाठ असतं. गावागावाचं दुकान ठरलेलं होतं तेव्हा, उधारीची वही त्यावरच चालायची.

सदाशिवपेठी
उधारी अजून चालते का?

नगरी_नजर
पुणेकरांना नाही.

सुई_दोरा
ताई, जाताना एक रिकामी मोठी कापडी पिशवी आणि सुतळी घेऊन जा. दुकानवाले प्लॅस्टिकच्या पिशव्या देतात, त्या स्टेशनपर्यंत टिकत नाहीत. आणि ब्लाउजच्या मापाला नवरीचा एक जुना ब्लाउज मागून घ्या. ब्लाउजपीस साडीतच जोडलेलं असतं, पण एखादीला ते कमी पडतं, तिथल्या तिथे जुळणारं कापड कापून घेता येईल.

दौंड_कॉर्ड
गुरुवारी कोणती तारीख ते कळवा. त्या दिवशी मेगाब्लॉक जाहीर झाला तर इथेच लिहितो.